म्यूऑनचे आयुष्य मोजायचे, तर डिटेक्टर कसा बांधावा?

अणूपेक्षाही लहान अशा कणांचे सरासरी आयुष्य मोजायचे म्हटले की बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा येते ते एखादे अतिवेगवान घड्याळ. घड्याळ लागतेच, परंतु आजच्या काळात ते या कामातील सर्वांत सोपे अंग आहे. अवघड असते ते असा डिटेक्टर बांधणे, जो मोजणीच्या पहिल्या क्षणी जसा वागला अगदी तसाच शेवटच्या क्षणीही वागेल. निम्मे कण त्याच्या नजरेतून सुटले तरी चालतात, त्याच्या सगळ्या नोंदी ठरावीक उशिराने होत असल्या तरी चालतात. मात्र त्याची चुकण्याची तऱ्हा मोजणी चालू असताना बदलता कामा नये. ही अट लक्षात घेतली की स्वित्झर्लंडमधील फिलिगेन येथील पॉल शेरर संस्थेत झालेल्या ‘म्यूलॅन’ या प्रयोगाचा डिटेक्टर तसाच का बांधला गेला, हे उलगडत जाते. म्यूऑन या कणाचे आयुष्य दहा लाखांत एक भाग इतक्या अचूकतेने मोजणारा हा प्रयोग आहे आणि त्याचा अंतिम निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा सुमारे २०७ पट जड असा भाऊबंद. तो सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो आणि नंतर एक इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच धन विद्युत्भाराचा जुळा) व दोन न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशातही न अडणारे भारहीन कण, यांत त्याचा क्षय होतो. हा क्षय दुर्बल अन्योन्यक्रिया या निसर्गातील मूलभूत बलामुळे होतो आणि त्या क्रियेचे बळ सांगणारा फर्मी स्थिरांक म्यूऑनच्या आयुष्यावरूनच सर्वाधिक अचूकपणे काढता येतो. १९९९ पर्यंत अडचण सिद्धान्ताच्या बाजूला होती, कारण आयुष्यावरून स्थिरांक काढताना करावयाच्या दुरुस्त्या पुरेशा अचूक नव्हत्या. त्या वर्षी व्हॅन रिटबर्गेन आणि स्टुअर्ट यांनी हे गणित पुढच्या पायरीपर्यंत नेले आणि सैद्धान्तिक अनिश्चितता दहा लाखांत एका भागाहूनही खाली आली. प्रयोगातील अनिश्चितता त्या वेळी दहा लाखांत अठरा भाग होती. आता कमी पडत होते ते मोजमाप.

डिटेक्टरकडे वळण्याआधी क्षयाच्या नियमाचे एक वैशिष्ट्य समजून घ्यायला हवे. म्यूऑन म्हातारा होत नाही. नुकताच जन्मलेला म्यूऑन आणि दहा मायक्रोसेकंद तग धरून राहिलेला म्यूऑन यांची पुढच्या मायक्रोसेकंदात नष्ट होण्याची शक्यता अगदी सारखीच असते. त्यामुळे मोजणी कोणत्या क्षणापासून सुरू करायची याला महत्त्व उरत नाही. पुष्कळ म्यूऑन एकत्र ठेवले आणि त्यांच्यापासून निघणारे पॉझिट्रॉन वेळेनुसार मोजले, तर संख्येचा आलेख घातांकी वक्राने उतरत जातो आणि त्या उताराच्या आकारातच आयुष्य दडलेले असते. डिटेक्टरने सत्तर टक्केच पॉझिट्रॉन पकडले, तर संपूर्ण वक्र सत्तर टक्के उंचीचा होईल, पण त्याचा आकार तोच राहील. प्रत्येक नोंद शंभर नॅनोसेकंद उशिरा झाली, तर वक्र बाजूला सरकेल, तरीही आकार तोच. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे सतत सारख्याच प्रमाणात नोंदी होत असतील, तर तेवढी सपाट पातळी आकडेमोडीत वेगळी काढता येते. घात करतात त्या फक्त वेळेनुसार बदलणाऱ्या गोष्टी.

संख्येचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. यादृच्छिक घटना मोजताना अनिश्चितता घटनांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, म्हणून दहा लाखांत एक भाग गाठायचा तर दहा लाखांचा वर्ग, म्हणजे एक लाख कोटी क्षय पाहावे लागतात. एका वेळी एकच म्यूऑन आणायचा, तो नष्ट होईपर्यंत थांबायचे आणि मग दुसरा आणायचा, ही जुनी पद्धत अतिशय स्वच्छ आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळांमध्ये अवकाशातून आलेल्या म्यूऑनवर आजही ती वापरली जाते आणि १९४०च्या दशकाच्या आरंभी ब्रुनो रॉसी व नेरेसन यांनी याच मार्गाने २.१५ मायक्रोसेकंद हे उत्तर काढले होते. पण तिने एक लाख कोटींचा पल्ला गाठणे अशक्य आहे. एका म्यूऑनसाठी वीस-बावीस मायक्रोसेकंद राखून ठेवले आणि मध्ये क्षणाचीही उसंत घेतली नाही, तरी आठ महिन्यांच्या आसपास काळ लागेल. शिवाय झोतातले कण आपल्या सोयीने एकेक करून येत नाहीत.

म्यूलॅनने म्हणून खेपेची पद्धत स्वीकारली. पाच मायक्रोसेकंद म्यूऑनचा झोत लक्ष्यावर पडू द्यायचा, मग तो तोडायचा आणि पुढचे बावीस मायक्रोसेकंद केवळ पॉझिट्रॉन मोजायचे. हे चक्र अखंड चालू ठेवायचे. झोत तोडण्यासाठी त्याच्या वाटेत धातूच्या पट्ट्यांच्या जोड्या बसवल्या होत्या. त्यांच्यावर सुमारे पंचवीस हजार व्होल्टचा दाब अचानक आणला की झोत वाकतो आणि लक्ष्याऐवजी बाजूच्या अडसरावर आदळतो. इथेही तीच अट लागू होते. तोडलेल्या झोतातून थोडे म्यूऑन गळत राहिले तर हरकत नाही, परंतु ती गळती बावीस मायक्रोसेकंदांत सारखीच हवी. पट्ट्यांवरचा व्होल्टेज या काळात किंचित जरी उतरत गेला, तरी गळती वाढत जाईल आणि म्यूऑन जणू अधिक काळ जगतो असे दिसेल.

वापरलेले म्यूऑन धन विद्युत्भाराचे होते, त्यालाही कारण आहे. ऋण म्यूऑन पदार्थात थांबला की अणूच्या केंद्रकाभोवती फिरू लागतो आणि केंद्रक त्याला गिळू शकते. कार्बनमध्ये त्याचे आयुष्य त्यामुळे थोडे घटते आणि शिशात तर मूळ आयुष्याच्या काही टक्केच उरते. धन म्यूऑनला केंद्रक दूर लोटते. फिलिगेनमध्ये ५९० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन ग्रॅफाइटवर आदळवून पायॉन नावाचे अल्पजीवी कण तयार केले जातात. त्यांतील काही ग्रॅफाइटच्या पृष्ठभागालगत थांबून धन म्यूऑन सोडतात. हे म्यूऑन इतके मंद असतात की पातळशा चकतीतच थांबतात, आणि म्हणून वेगामुळे आयुष्य लांबण्याचा सापेक्षतेचा परिणाम इथे विचारात घ्यावा लागत नाही.

या चकतीभोवती उभारलेला डिटेक्टर फुटबॉलच्या आकाराचा होता. फुटबॉलवर २० षट्कोनी आणि १२ पंचकोनी तुकडे असतात. त्यांपैकी समोरासमोरचे दोन पंचकोन झोताच्या नळीसाठी मोकळे सोडले, उरलेला प्रत्येक षट्कोन सहा आणि पंचकोन पाच त्रिकोणांत विभागला. २० गुणिले ६ अधिक १० गुणिले ५, असे एकूण १७० त्रिकोण झाले. प्रत्येक त्रिकोण म्हणजे सिंटिलेटरच्या, म्हणजे विद्युत्भारित कण आरपार गेला की क्षणिक प्रकाश सोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या, एकावर एक ठेवलेल्या दोन फरशा. प्रत्येक फरशीची जाडी तीन मिलिमीटर, तिच्या कडेला प्रकाश वाहून नेणारा पारदर्शक दांडा, त्याच्या टोकाला फोटोमल्टिप्लायर, म्हणजे क्षीण प्रकाशाचे विद्युत् स्पंदात रूपांतर करणारी नळी, आणि या सगळ्याभोवती बाहेरचा उजेड अडवणारे आवरण. पॉझिट्रॉन आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही फरशांतून एकाच वेळी गेला, तरच त्याची नोंद धरायची. नळीतील आपोआप उमटणाऱ्या खोट्या स्पंदांचा त्रास त्यामुळे जवळजवळ संपतो.

चकतीतून कोणत्याही दिशेने निघालेल्या दर दहा पॉझिट्रॉनांपैकी सात जणांच्या वाटेत फरशी येईल, एवढा पृष्ठभाग या फरशांनी व्यापला होता. अधिक पृष्ठभाग व्यापण्याचा हट्ट कोणी धरला नाही, आणि तो योग्यच निर्णय होता असे मला वाटते. त्याऐवजी भर दिला गेला तो सममितीवर. प्रत्येक फरशीसमोर, चकतीच्या नेमक्या पलीकडे, तशीच दुसरी फरशी असेल अशी रचना केली गेली.

सममितीची ही गरज म्यूऑनच्या फिरकीतून येते; या अंगभूत गुणामुळे तो एका दिशेला रोखलेल्या चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. या मार्गाने मिळालेल्या म्यूऑनांची फिरकी एकाच दिशेने रोखलेली असते आणि पॉझिट्रॉन त्या दिशेला अधिक प्रमाणात फेकले जातात. आसपास चुंबकीय क्षेत्र असले की फिरकीची दिशा त्याभोवती फिरत राहते, आणि एखाद्या फरशीकडे येणाऱ्या पॉझिट्रॉनांची संख्या क्षयाशी काहीही संबंध नसताना वरखाली होते. पृथ्वीचे क्षेत्र तर विशेष घातक, कारण ते क्षीण आहे; त्यात फिरकी इतकी सावकाश फिरते की तिचा बदल क्षयाच्या उतारात बेमालूम मिसळून जातो. यावर प्रयोगकर्त्यांनी दुहेरी उपाय योजला. एका वर्षीच्या मोजणीत लक्ष्य म्हणून स्वतःच चुंबकित असलेल्या मिश्रधातूची चकती ठेवली, जिच्यातील सुमारे ०.४ टेस्लाच्या क्षेत्रात फिरकी जवळजवळ २० नॅनोसेकंदांत एक पूर्ण फेरा घेते. झोत पाच मायक्रोसेकंद पडत असल्यामुळे वेगवेगळ्या क्षणी पोहोचलेल्या म्यूऑनांच्या दिशा मोजणी सुरू होण्याआधीच विखुरतात. दुसऱ्या वर्षी क्वार्ट्झची चकती आणि बाहेरून दिलेले क्षेत्र वापरले; क्वार्ट्झमध्ये बहुतेक म्यूऑन एकेक इलेक्ट्रॉन पकडून म्यूओनियम नावाची अणूसारखी जोडी बनवतात आणि तिची दिशा शंभरपटींहून अधिक वेगाने फिरते. इतके करूनही जो अवशेष उरतो, तो समोरासमोरच्या फरशांची बेरीज घेतली की मोठ्या प्रमाणात निघून जातो. एकीकडे जेवढे जास्त आले तेवढेच पलीकडे कमी. दोन अगदी भिन्न लक्ष्यांतून एकच उत्तर आले, ही गोष्ट मला या संपूर्ण प्रयोगातील सर्वांत विश्वासार्ह पुरावा वाटते.

सगळ्यात जास्त कस लागला तो एकावर एक पडणाऱ्या स्पंदांच्या बाबतीत. एकाच फरशीतून काही नॅनोसेकंदांच्या अंतराने दोन पॉझिट्रॉन गेले, तर ते एकच समजले जातात आणि एक नोंद हरवते. अशा जोड्यांची शक्यता गर्दीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मोजणीच्या आरंभी म्यूऑन भरपूर असतात. बावीस मायक्रोसेकंदांनंतर, म्हणजे दहा आयुष्यांनंतर, त्यांची संख्या सुमारे २२ हजार पटींनी घटलेली असते. म्हणजे नोंदी हरवतात त्या मुख्यतः सुरुवातीला, वक्राचा माथा किंचित दबतो आणि आयुष्य खऱ्यापेक्षा मोठे दिसते. फरशा १७० ठेवण्यामागचे प्रमुख कारण हेच होते: गर्दी जितक्या जास्त फरशांत विभागली जाईल, तितक्या जोड्या कमी.

उरलेल्या हानीचा हिशेब ज्या युक्तीने केला गेला ती मोठी देखणी आहे. एका खेपेत एखाद्या क्षणी नोंद झाली, की त्यानंतरच्या ठरावीक काही नॅनोसेकंदांत डिटेक्टर आंधळा असतो. मग पुढच्या खेपेतील नेमक्या त्याच क्षणानंतरच्या तेवढ्याच खिडकीत डोकावायचे. तिथे नोंद सापडली, तर सांख्यिकी दृष्टीने पहिल्या खेपेतही त्या आंधळ्या काळात तेवढ्याच शक्यतेने काही हरवले असणार. ते मूळ वक्रात परत मिळवायचे. हरवलेल्या नोंदींचा अंदाज असा मोजलेल्या माहितीतूनच येतो, गृहीतकातून नाही. आंधळा काळ मुद्दाम लहान-मोठा करून उत्तर बदलते का, हेही पाहता येते.

हे साधण्यासाठी स्पंदाची केवळ वेळ नोंदवून भागत नाही, त्याचा संपूर्ण आकार लागतो. म्हणून प्रत्येक नळीचा संकेत सेकंदाला सुमारे ४५ कोटी वेळा आकड्यांत रूपांतरित केला जात असे, म्हणजे दर २.२ नॅनोसेकंदांना एक आकडा. शेवटी आयुष्यातील अनिश्चितता आली ती २.२ पिकोसेकंद, या पावलाच्या एक हजारांश! एकेका पॉझिट्रॉनची वेळ इतक्या बारकाईने कधीच कळलेली नसते, तरीही वक्राचा आकार मात्र कळतो.

आकारामुळे आणखी एका चोरट्या दोषावर लक्ष ठेवता आले. गर्दीच्या काळात फोटोमल्टिप्लायर आणि त्यामागची इलेक्ट्रॉनिक्स किंचित दमतात आणि स्पंदांची उंची थोडी घटते किंवा वाढते. विशिष्ट उंचीच्या वरचेच स्पंद मोजायचे असा उंबरठा असल्यामुळे, उंची बदलली की उंबरठ्यालगतचे काही स्पंद आत येतात किंवा बाहेर राहतात. स्पंदांची सरासरी उंची खेपेतील वेळेनुसार मांडून हा बदल प्रत्यक्ष मोजता आला आणि त्याची दुरुस्ती करता आली.

माणसाच्या मनाचा कलही डिटेक्टरचाच एक भाग धरावा लागतो. अपेक्षित उत्तर आले की चुका शोधणे थांबवण्याचा मोह सर्वांनाच होतो. त्यामुळे घड्याळाची खरी वारंवारता विश्लेषकांपासून लपवून ठेवलेली होती. त्यांच्या हाती येणारे आयुष्य घड्याळाच्या ठोक्यांत होते, सेकंदांत नव्हे. सर्व दुरुस्त्या संपल्यावरच खरा आकडा उघड केला गेला. डेव्हिड हर्टझॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलेले आयुष्य होते २१,९६,९८०.३ पिकोसेकंद, अधिक-उणे २.२. फर्मी स्थिरांक हा आयुष्याच्या वर्गमुळाशी जोडलेला असल्यामुळे त्यातील अनिश्चितता याच्या जवळपास निम्मी, म्हणजे दहा लाखांत सुमारे अर्ध्या भागावर आली.

म्यूऑनपेक्षा कितीतरी कमी जगणाऱ्या कणांसाठी ही सारी यंत्रणा निरुपयोगी ठरते. चार्म नावाचा क्वार्क (प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात त्या मूलकणांचा एक प्रकार) असलेला डी-शून्य हा कण ४१० फेम्टोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या निम्म्याहूनही कमी काळ जगतो. तिथे इलेक्ट्रॉनिक घड्याळाऐवजी अंतर मोजावे लागते: कण कुठे जन्मला आणि कुठे विघटन पावला यांतील अंतर, त्याचा संवेग आणि वस्तुमान यांवरून त्याच्या स्वतःच्या घड्याळातील वेळ काढली जाते. जपानमधील त्सुकुबा येथील ‘बेल टू’ प्रयोगात हे अंतर सरासरी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढे असते. ते टिपण्यासाठी सिलिकॉनचा पहिला थर झोताच्या रेषेपासून अवघ्या १४ मिलिमीटरवर आणलेला आहे. त्यातील संवेदक घासून ७५ मायक्रोमीटर इतके पातळ केलेले आहेत, कारण जाड पदार्थातून जाताना कण थोडा वळतो आणि मागे ओढलेली रेषा जन्मस्थानापासून चुकते. पिक्सेलच्या दोन थरांबाहेर पट्टीदार सिलिकॉन संवेदकांचे चार थर आहेत. पिक्सेलचे थर धरून आतून चौथ्या क्रमांकाच्या थराच्या बांधणीची जबाबदारी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाकडे होती.

इथे वेळेनुसार बदलणाऱ्या दोषांची जागा अंतराचे दोष घेतात. संवेदक आपण समजतो त्यापेक्षा केसभर बाहेर बसलेले असतील, तर सगळीच अंतरे त्या प्रमाणात चुकतात आणि आयुष्यही चुकते, मग कितीही कण मोजले तरी. म्हणून संवेदकांच्या खऱ्या जागा बसवताना घेतलेल्या मापांवरून नव्हे, तर त्यांतून गेलेल्या असंख्य कणांच्या मार्गांवरून पुन्हा पुन्हा ठरवल्या जातात. २०२१ मध्ये ‘बेल टू’ने डी-शून्यचे आयुष्य ४१०.५ फेम्टोसेकंद असल्याचे जाहीर केले. त्यातील सांख्यिकी अनिश्चितता १.१ आणि यंत्रणेची ०.८ होती, आणि यंत्रणेच्या अनिश्चिततेत सर्वांत मोठा वाटा संवेदकांच्या या जुळणीचाच होता.

न्यूट्रॉनच्या बाबतीत मात्र प्रकरण अजून मिटलेले नाही. मोकळा न्यूट्रॉन पंधरा मिनिटांच्या जवळपास जगतो आणि त्याला विद्युत्भार नसल्यामुळे सांभाळणेही कठीण. अमेरिकेतील लॉस अ‍ॅलमॉस येथे अतिशीत, म्हणजे अतिशय मंद केलेले न्यूट्रॉन कायमस्वरूपी चुंबकांच्या वाडग्यात कोंडतात. वाडग्याच्या भिंतीला ते स्पर्शच करत नाहीत आणि वरच्या बाजूने गुरुत्वाकर्षण त्यांना बाहेर पडू देत नाही. ठरावीक काळानंतर बोरॉनचा लेप दिलेला सिंटिलेटर वरून खाली सोडून उरलेले न्यूट्रॉन जागच्या जागी मोजले जातात. थोडा वेळ ठेवून एकदा आणि पुष्कळ वेळ ठेवून एकदा मोजले, की दोन्हींच्या गुणोत्तरातून आयुष्य मिळते आणि डिटेक्टर किती न्यूट्रॉन चुकतो हा प्रश्न रद्द होतो. २०२१ मध्ये या पद्धतीने ८७७.७५ सेकंद हे उत्तर दिले. मेरिलँड राज्यातील राष्ट्रीय मापन संस्थेत याउलट न्यूट्रॉनांचा झोत एका सापळ्यातून जाऊ देतात आणि क्षयातून निघालेले प्रोटॉन मोजतात. येथे झोतात किती न्यूट्रॉन होते आणि किती प्रोटॉन सुटले, हे दोन्ही आकडे निरपेक्षपणे ठाऊक असावे लागतात. म्यूऑनला मिळालेली सूट येथे मिळत नाही. त्यांचे २०१३ चे उत्तर ८८७.७ सेकंद होते, अनिश्चितता सुमारे २.२ सेकंद.

दोन्ही उत्तरांतील दहा सेकंदांचे अंतर अनिश्चिततेच्या कितीतरी पट आहे. कोणी त्यात अज्ञात कणांचा माग शोधतो. मला मात्र डिटेक्टरच्या एखाद्या निरपेक्ष आकड्यात राहिलेली उणीव अधिक संभवनीय वाटते. जपानच्या जे-पार्क प्रयोगशाळेत त्यासाठी वेगळी बांधणी केलेली आहे. एकाच वायुकक्षात न्यूट्रॉनच्या क्षयातून निघालेले इलेक्ट्रॉन मोजायचे आणि वायूत मिसळलेल्या किंचित हेलियम-३ ने पकडलेले न्यूट्रॉनही त्याच कक्षात मोजायचे, म्हणजे झोताची तीव्रता ठरवायला दुसऱ्या डिटेक्टरवर विसंबावे लागत नाही. हेलियम-३ चे प्रमाण किती, हा एक निरपेक्ष आकडा मात्र त्यांनाही अचूक ठाऊक असावाच लागतो.